दादाचं लिव्हर

ठाणेकर माणसाची एक वेगळीच पंचाईत असते. बाहेरगावी लग्नकार्यात कुणी विचारलं कुठले तुम्ही, आणि आपण सांगितलं ठाण्याचे, की समोरचे काका डोळे मिचकावून म्हणणार, अच्छा, म्हणजे हॉस्पिटलच्या आतले की बाहेरचे? आणि स्वतःच हसणार. आपणही हसतो, काय करणार. ते मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या निम्म्या विनोदांत कुणाला ना कुणाला तरी तिथे भरती करायचं असतं, येरवडा नाहीतर ठाणे. माझ्या दादाने हा जोक आयुष्यभर ऐकला, स्वतःही केला, आणि वागळे इस्टेटला जाता-येता ती भिंत बसच्या खिडकीतून रोज बघितली. अशा माणसाला एक दिवस सांगायचं की तुला सायकियाट्रिस्टकडे जायला हवं, हे काय असतं ते आमच्या घराला विचारा.

दादा पंचावन्नच्या पुढचा. अख्खी नोकरी एकाच कंपनीत, मशीन शॉपला सुपरवायझर. कंपनीचं नाव घेत नाही, वागळेला अशा कितीतरी बंद झाल्या आणि त्यांच्या जागी काचेचे टॉवर आणि आयटीवाले आले, त्यातलीच एक समजा. आधी एक शिफ्ट गेली, मग ओव्हरटाइम गेला, मग एक पत्र आलं आणि मग गेटला कुलूप. हिशोबाचे पैसे "प्रोसेसमध्ये". त्या दिवशी दादा घरी आला, डबा बेसिनमध्ये ठेवला, हातपाय धुतले आणि म्हणाला, बरं झालं, आता आराम. बस, एवढंच. आम्हाला सगळ्यांना वाटलं वा, किती समजूतदारपणे घेतलं. आमच्या घरात शांत माणसाचं फार कौतुक. आमचा हा कधी आवाज चढवत नाही हो, हे आई आयुष्यभर लोकांना अभिमानाने सांगत आली.

मग मान दुखायला लागली. मग अ‍ॅसिडिटी. मग डोकं जड, मग छातीत कसंतरी, मग पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच आणि पहिल्या लोकलचा आवाज येईपर्यंत टक्क डोळे उघडे. आणि घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तर खाली जात नाही, खाकरलं तर वर येत नाही. घशाच्या डॉक्टरने स्कोपी केली, नॉर्मल. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, सोनोग्राफीत थोडं फॅटी लिव्हर जे आजकाल कुणाला नसतं. बीपीची गोळी आधीपासून होतीच. वहिनीने रिपोर्टची एक जाडजूड फाइल केली, तिच्यावर गणपतीचा स्टिकर लावला, आणि ती फाइल घेऊन नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत डॉक्टर फिरून झाले. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच सांगितलं की अहो याला डिप्रेशन म्हणतात.

दादा ऐकेचना. मी उदास कुठे आहे, म्हणाला, मी रडतो का? नाही ना? मग?

आणि खरंच तो रडत नव्हता. डिप्रेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीपाशी बसून पाऊस बघणारं कुणीतरी येतं. दादा खिडकीपाशी बसत नव्हता, तो सोफ्यावर बसून टीव्हीवर भाव बघायचा ज्या शेअर्समध्ये त्याचा एक रुपया नाही. एका सायकियाट्रिस्टकडे नेला कसाबसा, बाहेर इतकी गर्दी होती की आत दहा मिनिटं मिळाली, एसिटालोप्रॅम लिहून दिली, सांगितलं की परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात, सुरुवातीला मळमळेल. मळमळ वेळेवर आली, परिणाम यायच्या आत दादाने गोळी बंद केली. कुणाला न सांगता, अर्थात.

आता या गोष्टीत चिनी वैद्यक शिरलं, ते कुठून ते सांगते. ते आलं वहिनीच्या गुडघ्यातून. वहिनी पाचपाखाडीत एका मॅडमकडे अ‍ॅक्युपंक्चरला जायची, जिने उतरायला लागली होती, खूश होती, आणि तिने दादाला मानेसाठी म्हणून सोबत नेलं. मानेसाठी! मान दुखण्यात कुणाची काही इज्जत जात नाही. सोसायटीत सांगता येतं, लिफ्टमध्ये सांगता येतं. मी एकदा सोबत गेले होते, मुख्यतः या सगळ्यावर माझा विश्वास नाही हे मनाशी पक्कं करून.

मॅडमनी मानेला हातही लावला नाही आधी. जीभ बघितली. त्याआधी फोनवरच सांगितलं होतं की येताना चहा-कॉफी पिऊन येऊ नका, जिभेचा रंग बदलतो. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी, एवढा वेळ की दादा अवघडला. आणि मग प्रश्न, एकामागून एक, झोप किती वाजता मोडते, मोडल्यावर घाम येतो का, तोंड कडू होतं का, शौचाला कधी घट्ट कधी पातळ असं होतं का, बरगडीखाली भरल्यासारखं वाटतं का, उसासे टाकता का दिवसभर, घशात काही अडकल्यासारखं? दादाने माझ्याकडे बघितलं, तू सांगितलंस का हिला, अशा नजरेने. मी काही सांगितलं नव्हतं. पुढच्या पंधरा मिनिटांत माझा दादा, जो त्या आधीच्या ओपीडीत "ठीक आहे, ठीक आहे" एवढंच बोलला होता, तो बोलत सुटला. पोटाबद्दल, झोपेबद्दल, हातपाय गार पडण्याबद्दल. मनाबद्दल एक अक्षर नाही. पण बोलला.

घशाचं मी नंतर वाचलं आणि चाट पडले. झांग झोंगजिंग नावाचा वैद्य दुसऱ्या शतकात होऊन गेला, त्याच्या नावावरच्या ग्रंथात हे लक्षण जसंच्या तसं आहे, घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटणं, आणि त्यावर काढाही दिलाय. पुढच्या वैद्यांनी मांसाऐवजी आलुबुखाराची बी म्हटलं. आजच्या मेडिकलमध्येही याला ग्लोबस म्हणतात आणि स्कोपी नॉर्मल आली की ताणतणावाचा विचार करतात. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये कुणीतरी दादासारखाच "गिळलं तर जात नाही" म्हणत बसलेलं असणार.

तर मॅडमचं निदान. त्या म्हणाल्या, लिव्हरची "ची" अडकलीय. ची म्हणजे शरीरभर वाहते असं ते मानतात ती प्राणशक्ती.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. बाहेर येऊन मला कोपऱ्यात घेऊन विचारते, अगं, हे लपून पितात का गं? दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दादाचं लिव्हर फंक्शन करून आणलं, फाइलमध्ये अजून एक कागद. सगळं नॉर्मल. तो रिपोर्ट घेऊन वहिनी मॅडमकडे भांडायला गेली, की बघा, लिव्हर एकदम छान आहे, तुम्ही कशाला घाबरवता. मॅडम हसल्या, त्यांना हे रोजचंच असणार. मग समजावलं की चिनी वैद्यकात लिव्हर म्हणजे पोटात उजवीकडे असतं ते एवढंच नव्हे, ते एक खातं आहे. शरीरात जे काही वाहतं, ते सुरळीत वाहू देणं हे त्या खात्याचं काम, आणि त्या खात्याकडे जी भावना दिलीय ती राग. हृदयाकडे आनंद, प्लीहेकडे विचार, म्हणजे तेच तेच घोळवत बसणं, फुफ्फुसाकडे शोक, किडनीकडे भीती. ही वाटणी हुआंगदी नेइजिंग या त्यांच्या मूळ ग्रंथात आहे, तो साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात रचला गेला असं मानतात. त्यात लिव्हरला सेनापती म्हटलंय, डावपेच आखणारा. राग आला आणि बाहेर पडला, तर ठीक. राग आला आणि गिळला, वर्षानुवर्षं गिळला, तर सेनापतीचं खातं तुंबतं, मग ते शेजारच्या प्लीहेवर जोर काढतं, म्हणून भूक जाते, गॅस होतो, पोट कधी असं कधी तसं, आणि डोक्यात तेच तेच विचार. नाडी तारेसारखी ताठ लागते म्हणे बोटाला.

दादा हे सगळं ऐकून म्हणाला, म्हणजे तीन हात नाक्याचा सिग्नल बंद पडल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. शेवटचा राग कधी आला होता तुम्हाला?

दादा म्हणाला, मला राग येत नाही.

माझं म्हणणं एवढ्या एकाच गोष्टीभोवती आहे, खरं सांगायचं तर. आपण डिप्रेशनला दुःखाचा आजार समजतो. आमच्या घरात कुणाला दुःख दिसलं नाही म्हणून आजार दिसला नाही. पण इथे दोन हजार वर्षांची एक परंपरा आहे जी अशा आजाराकडे बघताना आधी अडकलेला राग शोधते. त्यांचं ची, त्यांच्या वाहिन्या, पंचतत्त्वं, यातलं काही मला मायक्रोस्कोपखाली दाखवा म्हटलं तर नाही दाखवता येणार, आणि मी ते खरं मानून चालत नाही. पण प्रश्न बरोबर होता. आणि तो आम्ही कुणीच विचारला नव्हता, कारण राग न येणं हा तर आमच्या दादाचा सगळ्यात मोठा गुण.

या अडकण्यावर चीनमध्ये सगळ्यात जास्त डोकं लावलं ते झू दानशीने, १२८१ ते १३५८, युआन राजवटीतला माणूस. त्याने तुंबण्याचे सहा प्रकार सांगितले, ची, ओल, कफ, उष्णता, रक्त आणि अन्न, आणि म्हणाला की ची आणि रक्त सुरळीत असेल तर आजार होत नाहीत, एकदा का तुंबलं की बहुतेक सगळे आजार त्यातूनच उपजतात. त्याची एक गोष्ट सांगतात. एका मुलीचं लग्न ठरलं आणि नवरा व्यापाराला लांब गेला तो वर्षानुवर्षं परतलाच नाही. मुलीने अन्न सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. दानशीने नाडी बघितली, म्हणाला विचाराने ची बांधली गेलीय, हिला नुसतं औषध देऊन भागायचं नाही, हिला राग यायला हवा. मग बापाकडून तिला थोबाडीत मारवली आणि नको ते आरोप करवले. ती भयंकर चिडली, ओक्साबोक्शी रडली, आणि मग जेवली. पण दानशी बापाला म्हणाला की हे टिकणार नाही, आता आनंद हवा, म्हणून नवऱ्याचं पत्र आलंय, तो येतोय अशी थाप मारली, आणि गोष्टीत तो खरंच काही महिन्यांत आला. राग विचाराला हरवतो, आनंद शोकाला हरवतो, असं एक कोष्टकच आहे त्यांच्याकडे.

आता थोबाडीत मारणारा वैद्य मला कुणी आदर्श म्हणून सांगू नये, आणि आज कुणी असं केलं तर पोलीस स्टेशन गाठावं सरळ. त्यातही मार खायला मुलगीच, हे आहेच. पण जरा बाजूला ठेवून बघा, सातशे वर्षांपूर्वी एक माणूस म्हणतोय की ही पडून राहिलेली मुलगी आळशी नाही, हट्टी नाही, हिला बाधाही झालेली नाही, हिच्या आत काहीतरी अडकलंय. आपल्याकडे आजही "जरा बाहेर पड, मित्रांना भेट, मन रमव" याच्या पुढे गाडी जात नाही.

सुयांबद्दल थोडं. दादा इंजेक्शनला घाबरतो, पण या सुया केसापेक्षा थोड्याच जाड, एकदा वापरून फेकायच्या. पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या खोबणीत, हाताच्या अंगठ्याजवळच्या मांसल भागात, मनगटाच्या आतल्या बाजूला, टाळूवर मधोमध, आणि भुवयांच्या मधे जिथे बायका टिकली लावतात तिथे. वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं. दुखतं का विचारलं तर म्हणाला दुखत नाही, जड येतं. तेच यायला हवं असतं म्हणे. गुडघ्याखाली कधीकधी मॉक्सा, म्हणजे एक वाळवलेली वनस्पती पेटवून जवळून शेक. ती आपल्या दवण्याच्याच कुळातली, जोतिबाला वाहतात तो दवणा. वासही थोडा तसाच, थोडा विडीसारखा, वहिनी म्हणते शर्ट दोनदा धुवावा लागतो.

बरं, आपल्याकडे कुणालाही विचारा अ‍ॅक्युपंक्चर भारतात कुणी आणलं, तर मराठी माणूस हमखास डॉ. कोटणीस म्हणतो. आपल्या सोलापूरचे, १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यातले, आणि १९४२ साली तिथेच गेले. पण सुया आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, ते १९५० च्या दशकाच्या शेवटी परत चीनला गेले, शिकले आणि कलकत्त्याला सुरू केलं. आता तर महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आहे, कौन्सिल आहे, तेव्हा सुया टोचून घ्यायच्याच असतील तर रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नये. मी विचारलं. मॅडमनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं.

मी बँकेत आहे, आकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून शोधलं. २०१३ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागात एक मोठा अभ्यास झाला, डिप्रेशनचे ७५५ पेशंट, तीन गट. एका गटाला नेहमीचे उपचार, एकाला त्यासोबत अ‍ॅक्युपंक्चर, एकाला त्यासोबत काउन्सेलिंग. तीन महिन्यांनी अ‍ॅक्युपंक्चर आणि काउन्सेलिंग दोन्ही गट नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत एकमेकांत म्हणावा असा फरक नव्हता. ऐकायला छान. मग २०१८ चा कॉक्रेन रिव्ह्यू, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासणारा आढावा, ६४ अभ्यास, ७,१०४ माणसं, आणि निष्कर्ष जरा थंड. काहीच न करण्यापेक्षा फायदा दिसतो, खोट्या सुयांशी तुलना केली की तो फायदा कमी होतो, आणि एकूण पुराव्याचा दर्जा खालचा. खोट्या सुया म्हणजे टोचल्यासारख्या वाटतात पण आत जात नाहीत अशा, नाटकातल्या सुरीसारखं टोक मागे सरकतं.

यावर दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात. मला वाटतं की खोटी सुई लावतानाही कुणीतरी तुमच्या मनगटावर बोटं ठेवून तुमची झोप कधी मोडते ते विचारतंच ना. त्याची किंमत शून्य धरून कसं चालेल? आणि उलट बाजूने, त्याची किंमत आहे म्हणून ची सिद्ध झाली असंही नाही. मॅडम एकदा म्हणाल्या पहाटे तीन ते पाच ही फुफ्फुसाची वेळ, म्हणजे शोक. मी म्हटलं अहो, मग लिव्हरचं काय झालं? तर म्हणाल्या, तेही आहे. हे असं होतं. सगळ्याला जागा आहे त्या कोष्टकात, काहीही बसवता येतं. पहाटे लवकर जाग येणं हे डिप्रेशनचं लक्षण सायकियाट्रीच्या पुस्तकातही आहे, त्याला फुफ्फुस लागत नाही. आणि "पाच हजार वर्षं जुनी अखंड परंपरा" वगैरे जे सांगतात त्यालाही थोडं मीठ लावून घ्यावं, आज जे पारंपरिक चिनी वैद्यक म्हणून शिकवतात त्याची पद्धतशीर मांडणी १९५० च्या दशकात माओच्या सरकारने करून घेतली, कॉलेजं काढली, पाठ्यपुस्तकं लिहिली, नको ते गाळलं.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते आर्थर क्लाइनमन या अमेरिकन सायकियाट्रिस्टच्या कामाने. तो १९८० मध्ये हुनान प्रांतातल्या चांगशा शहरात गेला. तिथे हजारो लोकांना "नसांचा अशक्तपणा" असं निदान दिलेलं असायचं, डोकेदुखी, झोप नाही, चक्कर, थकवा. त्याने असे १०० पेशंट तपासले, त्यातले ८७ अमेरिकन निकषांप्रमाणे सरळ डिप्रेशनमध्ये बसत होते. पण ते येऊन मन दुखतं असं म्हणत नव्हते, डोकं दुखतं म्हणत होते. नुकतीच माओच्या काळातली सांस्कृतिक क्रांती, म्हणजे राजकीय छळाची वर्षं, संपलेली, काय काय भोगलेलं, आणि मन हा शब्दच धोक्याचा होता, राजकीयदृष्ट्या. डोकेदुखी सुरक्षित. क्लाइनमनने गोळ्या दिल्या, बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली, पण ज्यांचं कामाच्या ठिकाणचं, घरचं झेंगट तसंच राहिलं त्यांचं आजारपण काही पुरतं सुटलं नाही. मी हे रात्री वाचत होते आणि मला चांगशा दिसतच नव्हतं, वागळे इस्टेट दिसत होती. गेट बंद झालेल्या कंपन्यांमधली किती माणसं ठाण्यात आज मान, कंबर, अ‍ॅसिडिटी घेऊन रांगेत बसली असतील?

मधे एक वाईट रात्र आली. दादाने वहिनीला विचारलं की पॉलिसीचे कागद कुठे ठेवलेत, सगळं तुझ्या नावावर आहे ना नीट. साध्या आवाजात. वहिनीने मला फोन केला आणि मी रिक्षा करून गेले, आम्ही १४४१६ ला फोन लावला, ती टेली मानसची सरकारी लाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्या बाईंनी आम्हाला शांतपणे काय काय विचारायचं, घरातलं काय काय हलवायचं, रात्री एकटं सोडायचं नाही, सकाळी कुठे न्यायचं ते सांगितलं. अशा रात्री सुया, ची, झू दानशी काही कामाचं नसतं, हे मी ठामपणे सांगते. सकाळी दुसऱ्या सायकियाट्रिस्टकडे गेलो, गोळी परत सुरू झाली. अ‍ॅक्युपंक्चरच्या मॅडमना कळलं तेव्हा त्या दादावर उखडल्याच, गोळ्या बंद केल्या होत्या हे मला का नाही सांगितलंत, मला विचारून बंद केल्या होत्या का? मला त्या बाईबद्दल आदर वाटला तो त्या क्षणी. जो कुणी सुया किंवा काढा देताना आधीच्या गोळ्या सोडा म्हणेल त्याच्याकडून उठून यावं, चपला न घालता आलं तरी चालेल.

काढ्यांचं पण सांगायला हवं कारण नेरुळच्या मावशींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बाटली पाठवली होती, "शुद्ध चायनीज हर्बल, नो साइड इफेक्ट, टेन्शन गायब". मूळ चिनी काढे वाचायला फार गोड आहेत. झांग झोंगजिंगचाच एक आहे, विनाकारण रडू येणाऱ्या, सारख्या जांभया देणाऱ्या बाईसाठी, आणि त्यात काय तर ज्येष्ठमध, गहू आणि त्यांच्याकडची लाल बोरं. संपलं. गव्हाची ओंबी आणि बोरं आपण संक्रांतीला सुगडात घालतो, मला वाचून इतकं घरचं वाटलं. दुसरा शियाओ याओ सान, बाराव्या शतकाच्या आसपासच्या सुंग काळातल्या सरकारी औषधयोग संग्रहातला, खास या अडकलेल्या लिव्हरसाठी, आजही चीनमध्ये त्याच्या गोळ्या मिळतात. पण घरचं वाटतं म्हणून निर्धोक नसतं. ज्येष्ठमध रोज जास्त पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि दादा बीपीवाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी औषधात एका वनस्पतीच्या जागी भलतीच विषारी आली आणि शंभरच्या आसपास बायकांच्या किडन्या गेल्या. त्या बाटलीवर तर आत काय आहे तेच लिहिलं नव्हतं. मी मावशींना म्हटलं छान आहे हो, देते त्याला, आणि कचऱ्यात टाकली. मावशींनी हे वाचलं तर वाचू देत.

मग असं चालू राहिलं. सकाळी गोळी, आठवड्याला सुया, दर दोन आठवड्यांनी काउन्सेलर, ते वहिनीच्या पिच्छा पुरवण्यामुळे, आणि संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी. आता यात कशाने किती फरक पडला याची वाटणी करत बसू नये, दादा काही अभ्यासातला पेशंट नाही की त्याचा एक गट गोळीचा आणि एक सुयांचा. झोप आधी सुधारली. मग घशातलं गेलं, कधी गेलं ते त्यालाही कळलं नाही, एक दिवस वहिनीने विचारलं तर म्हणाला अरे हो.

आणि एका सिटिंगला, सुया लागलेल्या असताना, पडल्या पडल्या, मॅडमनी सहज विचारलं की कंपनीचं पुढे काय झालं, आणि दादा बोलायला लागला. हळू आवाजात सुरुवात केली आणि मग आवाज वाढत गेला, पडद्यापलीकडे बसलेल्या वहिनीला आणि मला स्पष्ट ऐकू येत होतं, की मी त्यांच्यासाठी गणपतीत सुट्टी घेतली नाही, पोरीच्या बारावीला घरी नव्हतो, पुराच्या वर्षी रात्रभर मशीन वर उचलून ठेवत होतो गुडघाभर पाण्यात, आणि त्या काल आलेल्या पोराने मला एचआरच्या खोलीत उभं ठेवलं, खुर्ची दिली नाही मला, खुर्ची! शेजारच्या बेडवरच्या आजी घाबरून विचारायला लागल्या काय झालं. वहिनी रडत होती. मला, खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा दादाचा ओरडण्याचा आवाज कसा आहे ते कळलं. आईच्या आवाजासारखा आहे.

त्यानंतर चमत्कार वगैरे नाही झाला. दोन दिवस तो गप्प होता, मग एक आठवडा बरा, मग परत खाली, असंच असतं ते. पण आता त्याच्याकडे रिपोर्टची सोडून आणखी एक फाइल आहे. तिच्यात नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, ग्रॅच्युइटीचा हिशोब त्याने स्वतः कागदावर मांडलेला, आणि त्याच्यासारख्याच अडकलेल्या बाकीच्या कामगारांचे नंबर. लेबर कोर्टातला एक वकील गाठलाय. आठवड्यातून एकदा ही सगळी मंडळी कुणाच्या तरी घरी जमतात आणि मोठमोठ्याने बोलतात, त्यातल्या दोघांना त्याने मॅडमकडे पाठवलं, मानेसाठी, आणि एकाला सायकियाट्रिस्टकडे, सरळ सांगून, लाजू नको, मी पण जातो.

काल वहिनीचा फोन आला. चिडली की ती मला वन्सं म्हणते, तशी म्हणाली, वन्सं, तुमच्या भावाने आज दूधवाल्याशी भांडण केलं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून केलं, आणि आमटीत मीठ कमी म्हणून माझ्याशी केलं, तीस वर्षांत पहिल्यांदा, त्या मॅडमना म्हणावं सुया जरा कमी करा.

मी विचारलं, मग तू काय केलंस?

म्हणाली, मी पण भांडले, सोडते की काय.